मुलांची नजर तपासताना: दोरी, फणी आणि एकेक डोळा

शाळेतली नजर तपासणी बहुतेक ठिकाणी अशी होते. भिंतीला तक्ता टांगलेला, समोर मुलांची रांग. "दिसते का रे?" "दिसते सर." चल, पुढचा. तासाभरात अख्खी शाळा तपासून होते आणि सगळ्यांच्या नावापुढे "नजर चांगली" असं लिहिलं जातं.

मीही दोन वर्षं असंच केलं. तिसऱ्या वर्षी चौथीतल्या एका मुलीचा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला, तर तिने माझा हात बाजूला सारला. पुन्हा झाकला, तिने पुन्हा सारला. डावा डोळा झाकला तेव्हा मात्र शांत उभी राहिली. तिला डाव्या डोळ्याने तक्त्यावरचं सगळ्यात मोठं चिन्हही ओळखता येत नव्हतं. आधीच्या दोन्ही वर्षांच्या वहीत तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात "चांगली" लिहिलेलं होतं.

तिने कधी तक्रार का केली नाही? कारण डोळा फक्त उजेड गोळा करतो, चित्र तयार होतं मेंदूत. एका डोळ्याकडून धूसर चित्र येत असेल तर मेंदू ते बाजूला टाकतो आणि चांगल्या डोळ्यावर काम चालवतो. मुलाला काही कमी आहे असं जाणवतच नाही, कारण त्याने जग याहून वेगळं कधी पाहिलेलं नसतं. म्हणून "दिसते का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही. तपासणीच अशी करायची की मुलाच्या सांगण्यावर विसंबावं लागू नये.

ही कृती शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि घरी करू पाहणाऱ्या आईवडिलांसाठी आहे. यातून चष्म्याचा नंबर निघत नाही. कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं, एवढंच कळतं.

टप्पा १: तक्ता मोजून घ्या, दोरी बांधून घ्या

लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी ‘ई’ च्या आकाराच्या चिन्हांचा तक्ता वापरतात. त्याचे तीन दात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे असतात आणि मुलाने फक्त दिशा दाखवायची असते. मोठ्या मुलांसाठीही मी हाच वापरतो. अक्षरांच्या तक्त्यावर वाचनात कच्चं असलेलं मूल नापास होतं आणि दोष डोळ्यांवर जातो.

सगळ्यात जास्त घोटाळा तक्त्यातच होतो. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला जातो, आणि छापताना तो कागदात बसवायला लहान केला जातो. मग चांगल्या डोळ्यांची मुलंही नापास होतात. दुकानात उभं राहूनच पट्टीने मोजा. ६ मीटरवरून तपासायच्या तक्त्यावर चिन्हांची उंची अशी हवी (६/६०, ६/१२ अशा आकड्यांचा अर्थ टप्पा ५ मध्ये आहे):

६/६० चं चिन्ह: ८७ मिलिमीटर
६/३६: ५२ मिलिमीटर
६/२४: ३५ मिलिमीटर
६/१८: २६ मिलिमीटर
६/१२: साडेसतरा मिलिमीटर
६/९: १३ मिलिमीटर
६/६: पावणेनऊ मिलिमीटर

प्रत्येक चिन्हाची रेघ त्याच्या उंचीच्या पाचव्या भागाएवढी जाड असते. मापं जुळली नाहीत तर तो तक्ता वापरू नका. हाताने काढायचा असेल तर पांढऱ्या कार्डशीटवर काळ्याभोर शाईने काढा. निळा किंवा फिका पेन नको.

अंतर ६ मीटर, म्हणजे जवळपास २० फूट. पावलांनी मोजू नका. सुताची दोरी घ्या, मीटर टेपने मोजून दोन्ही टोकांना गाठ मारा. नायलॉनची दोरी ताणली की वाढते, ती टाळा. एक गाठ तक्त्याच्या खिळ्याला आणि दुसरी मुलाच्या डोळ्याजवळ आली पाहिजे. पायाच्या अंगठ्यापर्यंत मोजलं आणि मूल पुढे वाकलं, तर अर्धा फूट तिथेच गेला. खोली लहान असेल तर ३ मीटरचा तक्ता वेगळा मिळतो. ६ मीटरचाच तक्ता ३ मीटरवर लावून तपासणं म्हणजे मुलाला परीक्षेत उत्तरं सांगण्यासारखं आहे.

तपासा: तक्त्याची मधली ओळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे ना? पहिलीच्या आणि सातवीच्या मुलांना एकच खिळा चालत नाही.

टप्पा २: जागा आणि उजेड

आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्गात अंधार आणि अंगणात डोळे दिपवणारं ऊन असतं. दोन्ही जागा वाईट. अंधारात चांगला डोळाही चुकतो हे सगळ्यांना कळतं. उन्हातली गडबड मात्र लक्षात येत नाही. भर उजेडात बाहुली आकसून दोनेक मिलिमीटरची होते. एवढ्या लहान छिद्रातून आलेला उजेड डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावर कमी पसरतो, त्यामुळे लहान मायनस नंबर असलेलं, म्हणजे दूरचं धूसर दिसणारं मूलही तक्ता वाचून जातं. डोळे बारीक करून पाहणारं मूल हेच करत असतं, पापण्यांची फट लहान करून चित्र साफ करतं.

म्हणून व्हरांडा निवडा. सकाळी आठ ते अकरा, सावलीत, तक्त्यावर सगळीकडे सारखा उजेड. तक्त्यामागे खिडकी किंवा उघडं दार नको आणि मुलाच्या तोंडावर ऊन नको. टिनाच्या छपरातल्या भोकातून उन्हाचे कवडसे तक्त्यावर पडत असतील तर जागा बदला. लॅमिनेशन केलेला तक्ता चमकत असेल तर थोडा तिरपा करा.

मूल उन्हातून खेळून आलं असेल तर दहा मिनिटं सावलीत बसवा. पडद्यावरच्या पेशींना कमी उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत सावरतात, अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास लागतो.

सावधान: रांग तक्त्यासमोर लावू नका. मागचं पोरगं पुढच्याची उत्तरं ऐकून पाठ करतं. रांग भिंतीआड, एका वेळी एकच मूल समोर.

टप्पा ३: आधी खेळ शिकवा

ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पहिलीतल्या मुलाला "दात उजवीकडे की डावीकडे?" विचारलं की ते गोंधळतं, आणि नजर चांगली असूनही चुकतं. आपण तपासतो डोळा, पण उत्तर देताना भाषा, हात, भीती सगळंच मध्ये येतं.

माझा उपाय साधा आहे. घरातली रुंद दातांची प्लॅस्टिकची फणी मुलाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "मी दाखवतो त्या फणीचे दात जिकडे, तिकडे तुझ्या फणीचे दात कर." बोलायचं काही नाही. आधी हातभर अंतरावर मोठ्या चिन्हाने चार-पाच वेळा खेळून घ्या, दोन्ही डोळे उघडे ठेवून. जवळून न चुकता जमलं की मगच दोरीच्या गाठीवर उभं करा. जवळूनही जमत नसेल तर त्या दिवशी "चुकलं" लिहू नका, "समजलं नाही" लिहा आणि आठवड्याने पुन्हा बोलवा.

उभं करण्याआधी मिनिटभर नुसतं बघा. मान तिरपी करतं का? एक डोळा आत किंवा बाहेर वळतो का? डोळे सारखे चोळतं का? पापणी खाली लोंबलेली आहे का? हे वहीत लिहा. तिरळेपणाला आपल्याकडे काही ठिकाणी नशीबवान मानतात. तो तसाच राहू दिला तर वळलेल्या डोळ्याची नजर जाऊ शकते.

टप्पा ४: एकेक डोळा

आधी उजवा, मग डावा. क्रम कायम हाच ठेवा, म्हणजे नोंदीत गफलत होत नाही. चष्मा असलेल्या मुलाला चष्म्यासकट तपासा.

झाकायचं कसं, हे महत्त्वाचं. मुलाची बोटं चालत नाहीत, फटीतून दिसतं. तळहात दाबून धरला तर डोळ्यावर दाब पडतो आणि तो डोळा उघडल्यावर काही वेळ अंधुक दिसतं, म्हणजे पुढची तपासणी बिघडते. "एक डोळा मीट" म्हटलं तर दुसराही बारीक होतो. वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, तो नाकाला टेकवून डोळ्यापुढे आडवा धरा, त्याआड डोळा उघडाच राहू द्या. पुठ्ठा शक्यतो दुसऱ्या मोठ्या माणसाने धरावा आणि त्याचं लक्ष मुलाच्या मानेवर असावं. मान वळली की पुठ्ठ्याच्या कडेने डोकावणं सुरू झालं म्हणून समजा. डोळे येण्याची साथ असेल तर तपासणी पुढे ढकला. एरवीही प्रत्येक मुलाला वेगळा पुठ्ठा द्या, जुन्या वह्यांचे पुष्कळ मिळतात.

वरच्या मोठ्या चिन्हापासून खाली या. ओळीतली चिन्हं क्रमाने दाखवू नका, उलटसुलट दाखवा. बोट चिन्हाखाली ठेवा, चिन्हावर सावली पडू देऊ नका.

बरोबर किती आली तर ओळ आली म्हणायची? दिशा चारच आहेत, म्हणजे डोळे मिटून सांगितलं तरी सरासरी चारात एकदा बरोबर येतं. पण सलग चार बरोबर अंदाजाने यायची शक्यता २५६ मध्ये एक. म्हणून एका मापाच्या चार चिन्हांशिवाय निकाल देऊ नका. तक्त्यावर त्या मापाची चार चिन्हं नसतील तर वेगळ्या कार्डावर एकच चिन्ह काढून ते फिरवून दाखवा, आणि फिरवताना कार्ड पाठीमागे न्या.

सावधान: मूल चुकलं की "नीट बघ", "अरे, वर आहे ना?" म्हणू नका. चेहराही सारखाच ठेवा. मुलं तक्त्यापेक्षा गुरुजींचं तोंड जास्त चांगलं वाचतात.

आणि पुठ्ठा लावताना मुलाची धडपड बघा. एक डोळा झाकला की शांत आणि दुसरा झाकला की पुठ्ठा ढकलणं, रडणं, मान फिरवणं, हे लहान मुलांत तक्त्याहून मोठं लक्षण आहे. तक्ता न समजणाऱ्या तीन वर्षांच्या मुलातही एवढं तर आई घरी बघू शकते.

टप्पा ५: नोंद

६/१२ म्हणजे चांगल्या डोळ्याला १२ मीटरवरून जे दिसतं ते या डोळ्याला ६ मीटरवर यावं तेव्हा दिसतं. ती टक्केवारी नाही. "६/१२ म्हणजे पन्नास टक्के नजर" असं पालकांना सांगू नका, ते चूक आहे आणि घरात घबराट होते.

मुलाचा उजवा डोळा आपल्या समोर डावीकडे असतो. दर तपासणीत कोणीतरी इथे उलट लिहितंच. मुलाच्या उजव्या मनगटाला लोकरीचा धागा बांधा. प्रत्येक डोळ्याची नोंद तो तपासून झाल्याबरोबर लिहा, शेवटी आठवून नाही.

६/६० चं चिन्हही न दिसलं तर मुलाला ३ मीटरवर आणा. तिथून दिसलं तर ३/६० लिहा.

शाळेतल्या मुलाला एका जरी डोळ्याने ६/९ ची ओळ आली नाही तर पाठवा. अंगणवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला ६/१२ पर्यंत सूट द्या. दोन्ही डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल तर चांगल्या डोळ्याची ओळ कितीही खाली असो, पाठवा.

टप्पा ६: सुईचं भोक

नापास झालेल्या डोळ्यासाठीच ही पायरी. जाड काळ्या पुठ्ठ्याला दाभणाने एक ते दीड मिलिमीटरचं भोक पाडा, कडेचे कागदाचे धागे काढून टाका. दुसरा डोळा झाकून मुलाला त्या भोकातून तोच तक्ता दाखवा.

एक-दोन ओळी जास्त वाचता आल्या तर दोष बहुधा नंबराचा आहे आणि चष्म्याने सुधारेल. काहीच फरक पडला नाही तर कारण वेगळं असू शकतं: मोतीबिंदू, पडद्याचा आजार, किंवा मेंदूने सोडून दिलेला ‘आळशी डोळा’. अशा मुलाच्या नावापुढे मी लाल पेनाने खूण करतो आणि त्याला पुढच्या शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात पाठवतो.

आळशी डोळ्याबद्दल इथेच सांगतो, कारण घाई त्याचीच आहे. पाहायला शिकणं हे मेंदूचं काम आहे आणि ते शिक्षण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत सगळ्यात जोरात चालतं. त्या वयात एका डोळ्याकडून साफ चित्र पोचलंच नाही तर मेंदूचा तो भाग कच्चा राहतो. पुढे कितीही चांगला चष्मा दिला तरी पुरतं साफ दिसत नाही. वेळेत कळलं तर डॉक्टर चष्मा देतात आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगतात, म्हणजे कच्च्या डोळ्याला काम पडतं. "चांगलाच डोळा झाकला, डॉक्टर चुकले" म्हणून पट्टी काढून टाकणारे पालक मी पाहिलेत. पट्टी सुरू होण्याआधीच त्यांना हे समजावून सांगा.

टप्पा ७: तक्त्यात न सापडणारं

तक्ता पास म्हणजे डोळे निर्दोष, असं नाही. प्लस नंबर असलेलं मूल डोळ्यातलं भिंग फुगवून दूरचं साफ वाचतं, कारण लहान वयात त्या भिंगाला लवचीकपणा भरपूर असतो. असं मूल वाचायला बसलं की दहा मिनिटांत डोकं धरतं. वर्गात "डोकं दुखते" म्हणणाऱ्या मुलाला तक्ता पास असला तरी पाठवा.

दिवेलागणीला ठेचकाळणारं, अंगणातून एकटं जायला घाबरणारं मूल रातांधळं असू शकतं. अंधारात पाहणाऱ्या पेशींतलं रसायन जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनतं. पाच वर्षांखालच्या मुलाचे ‘अ’ चे डोस झालेत का, ते आशाताईंच्या नोंदीत बघा. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा सोळा ते अठरा महिन्यांचं असताना, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण ९. तरोट्याची, शेवग्याची पालेभाजी ताटात यावी हे सांगाच, पण भाजीवर भागवून डॉक्टर टाळू नका.

मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लाल आणि दुसरीत पांढरी चमक दिसली, किंवा एरवीही बाहुली पांढरी वाटली, तर त्याच दिवशी निघा. तो मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो.

रंगांची तपासणी मोबाइलवर करू नका. प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा असतो.

टप्पा ८: कान विसरू नका

फळ्यावरचं बरोबर उतरवतं, पण शुद्धलेखन सांगितलं की शेजाऱ्याच्या वहीत बघतं, अशा मुलाचे डोळे नव्हे, कान तपासायला हवेत.

मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. ज्या कानाची तपासणी नाही त्या कानाच्या भोकापुढची छोटी पाळी बोटाने हळू दाबून गोल चोळत राहा. श्वास पूर्ण सोडून द्या आणि उरलेल्या हवेत कुजबुजा: "चार, क, सात." श्वास भरून कुजबुजलं तर आवाज मोठा निघतो, बहुतेक जण इथेच चुकतात. तिन्ही बरोबर सांगितलं तर झालं. नाही तर दुसरे तीन कुजबुजा. सहापैकी तीनही आले नाहीत तर पाठवा. पंखा बंद ठेवा, आणि शाळेमागे थ्रेशर चालू असेल तर दुसरा दिवस निवडा.

टप्पा ९: पाठवणं आणि पाठपुरावा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. आपली यादी पथक येण्याआधी तयार हवी, लाल खुणा वर. पथक लांब असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. पुढचं लागलं तर आपल्या विदर्भात सेवाग्रामचं रुग्णालय आहे, नागपूर, यवतमाळ, अकोल्याची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

पालकांना चिठ्ठी पाठवून भागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोणी तालुक्याला जात नाही, त्यात त्यांचा दोष नाही. बाजाराचा दिवस धरा, चार मुलांना एकत्र न्या. "पोरीले आतापासून चष्मा लागला त लग्न कसं जमन?" हा प्रश्न येणारच. त्याला रागावून उत्तर देऊ नका. मी आईलाच दोरीच्या गाठीवर उभी करतो, तिच्या पोरीला दिसणारी शेवटची ओळ दाखवतो आणि तिथून खालच्या सगळ्या ओळी हाताने झाकतो. "तुमच्या पोरीले एवढंच दिसते."

नंबर काढण्याआधी डॉक्टर बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. त्यानंतर काही तास, औषध जोरदार असेल तर काही दिवस, जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. आधी सांगितलं नाही तर "डोळे बिघडवले" असा बोभाटा होतो.

सावधान: डोळ्यात तूप, एरंडेल, मध, अंगावरचं दूध, कांद्याचा रस काहीही घालू द्यायचं नाही. खर्ऱ्यासोबतची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणासोबतची) चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. ती दाबली की फुटून चुना सरळ डोळ्यात उडतो. तसं झालं तर डोळा न चोळता ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेखाली अर्धा तास धुवायचा, पापणीआडचे कण निघू द्यायचे आणि लगेच रुग्णालय गाठायचं.

चष्मा आल्यावर पंधरा दिवसांनी मुलाला त्याच दोरीवर, त्याच तक्त्यासमोर, चष्म्यासकट पुन्हा उभं करा. ओळ खाली सरकली का, ते लिहा. सरकली नसेल तर आधी काच बघा. शेतातल्या धुळीत कोरड्या दुपट्ट्याने पुसून काचेवर ओरखडे पडलेले असतात. काच पाण्याने धुवून मऊ सुती कापडाने टिपायची, हे मुलाकडून तिथेच करून घ्या. दांडी ढिली होऊन चष्मा नाकावर घसरत असेल तर मूल काचेवरून बघतं, तीही बसवून घ्या. मग फणी हातात द्या आणि उजव्या डोळ्यापासून सुरू करा.